पुसू नये

मी आयुष्यात एकच नाटक लिहिलं, आणि ते माझ्या बायकोनं पांढऱ्या मातीनं सारवून टाकलं.

असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा गडी अलंकारिक बोलतोय. बायकोला नाटक आवडलं नसेल, तिनं नाक मुरडलं असेल, त्यालाच हा सारवणं म्हणत असेल. नाही हो! खरीखुरी बादली, खरंखुरं पोतेरं आणि कोपरापर्यंत मातीत बुडालेले हात. पहिल्या अंकापासून भरतवाक्यापर्यंत सगळं नाटक संध्याकाळच्या भाकरी थापायच्या आत खलास! (टीकाकारांनी पुढं मला झोडपलं असतंच. पण त्यासाठी आधी नाटक उरायला नको?)

त्याचं असं झालं. सत्तर सालाच्या आगंमागं मी हिर्डोशीच्याही पुढं, वरंधा घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर गुरुजी होतो. शाळेत शिक्षक एकच, म्हणजे हेडमास्तरही मीच आणि शिपाईही मीच. घर वरव्याला. तिथं आई, थोडी जमीन आणि हे दोन्ही सांभाळणारी माझी बायको. हिर्डोशीपर्यंत एस.टी. यायची, पण पावसाळ्यात एस.टी.च्या आधी रस्ताच निघून जायचा.

तिकडं पाऊस पडत नाही. तो बाडबिस्तरा घेऊन राहायला येतो! वाडी आणि शाळा ओढ्यापलीकडं, आणि माझी खोली अलीकडं, पाटलांचीच, त्यांच्या गोठ्याला चिकटून. ओढ्याला पाणी आलं की पोरं तिकडं, गुरुजी इकडं. मग हजेरी तरी कुणाची घ्यायची? मी माझीच घेत असे. "हजर!" असं मोठ्यानं म्हटलं की भिंतीपलीकडून पाटलांची म्हैस उत्तर द्यायची. तिचं नाव बिजली. त्या मोसमात माझ्याशी सर्वांत जास्त बोललेली व्यक्ती तीच.

दुसरी व्यक्ती म्हणजे भागूतात्या. गुरं राखायला गोठ्यात राहणारा म्हातारा. रोज संध्याकाळी तो माझ्या चुलीपाशी येऊन बसायचा, विडी पेटवायचा आणि "व्हय व्हय" म्हणायचा. बाकी मला नावानं हाक मारणारं त्या डोंगरात कुणी नव्हतं. जो तो 'गुरुजी'. (बायको तर घरीसुद्धा नाव घेत नाही. म्हणजे माझं नाव वापरात असं नव्हतंच. पावसाळ्यात त्याला बुरशी आली असणार!)

माणूस एकटा पडला की एक तर देवाला लागतो, नाहीतर नाटक लिहायला. देव माझ्या खोलीत गळत होता. (वरचं कौलच फुटलेलं. त्याच्या तसबिरीचा पार लगदा झाला.) तेव्हा मी नाटकाला लागलो. नाव ठेवलं 'एकाकी चंद्रकेतू अर्थात विरहाची आग'. राजा चंद्रकेतू बारा वर्षं वनवासात असतो आणि राणीच्या आठवणीनं झाडांशी, दगडांशी, हरणांशी बोलतो, एवढीच गोष्ट. (त्यात माझा काही संबंध नाही. माझ्याकडं हरणं कुठं होती? म्हैस होती.)

पण लिहायचं कशावर? कागद असे दमट व्हायचे की टाक टेकवला की पलीकडच्या पानातून बाहेर यायचा. शाई पसरून राणीच्या चेहऱ्यासकट सगळं निळं. राहता राहिली एकच कोरडी जागा, चुलीमागची भिंत. वर्षानुवर्षांच्या धुरानं ती अशी काळीकुळकुळीत झालेली की आमच्या शाळेच्या फळ्यानं लाजावं! फळ्यावर लिहिलं की त्यात खडू कुठला आणि फळा कुठला ते कळायचं नाही. इथं अक्षर मोत्यासारखं उठायचं. मी खडू घेतला आणि पहिल्या अंकाला हात घातला.

सगळा पावसाळा लिहीत होतो. उभ्यानं, बसून, शेवटी पाटावर पाट रचून आढ्यापर्यंत! संध्याकाळी भागूतात्या आला की कंदील वर धरून त्याला वाचून दाखवायचो. तो तल्लीन व्हायचा. तिसऱ्या अंकाला तर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! एवढा रसिक मी पुण्यातसुद्धा पाहिला नव्हता.

एकदा पाणी उतरल्यावर पाटील खोलीवर आले. त्यांनी भिंत पाहिली. वाचता बेताचंच यायचं, पण आकारमानानं ते भारावले.

"गुरुजी, ह्ये येवढं समदं येकच नाटक?"

"एकच."

"मग कोजागिरीला लावायचं! राजा आमी व्हनार. आन् राणी आपला गणपा. त्याच्या मिशा काडाया लावू."

आणि नुसतं बोलून थांबतील ते पाटील कसले! भोरच्या पत्रेवाल्याकडून मुकुट करून आणला. आजूबाजूच्या वाड्यांना सांगावा धाडला. मुलीच्या सासरच्या माणसांना तर खास आमंत्रण! गणपानं मिशा काढल्या. त्याच्या बायकोनं दोन दिवस त्याला घरात घेतलं नाही.

मला काय, आभाळ ठेंगणं! पुसून जायला नको म्हणून मी भिंतीच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, 'कृपया कोणीही पुसू नये.' शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात ना, तसं. ह्याहून पक्का बंदोबस्त जगात नाही, अशी माझी समजूत.

घटस्थापनेच्या तोंडावर रस्ता सुरू झाला आणि बायको आली. अचानक! डोक्यावर गाठोडं, हातात चपला, गुडघ्यापर्यंत चिखल. तिचं नाव सरस्वती. (हसू नका. विद्येच्या देवतेनंच हे केलं, हा विनोद मी तेव्हापासून करत आलोय, आणि तो अजून कुणाला आवडलेला नाही.)

"आवं, ही खोली हाय का कोळशाची भट्टी?" उंबऱ्यातूनच तिनं विचारलं. "आन् तुमी किती वाळलाय! जेवताय का न्हाई?"

मला इतका आनंद झाला की काय बोलावं सुचेना. सगळा पावसाळा राणीसाठी पानं भरभरून, म्हणजे भिंत भरभरून, संवाद लिहिलेला माणूस मी! प्रत्यक्ष राणी समोर आली तर म्हणालो, "बस. पाटलांकडं जाऊन येतो."

गेलो. नाटक लिहून झालं असं सांगितलं, पाटलांनी मुकुट घालून दाखवला, चहा झाला. परत येतो तर खोली लख्ख! इतकी लख्ख की मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो. चुलीमागची भिंत दुधासारखी पांढरीशुभ्र, आणि तिच्यासमोर सरू, गालावर मातीचा ठिपका घेऊन हसत उभी.

"सरू... भिंत?"

"झाली की! कशी दिसतीया? घट बसायच्या आदी घर सारवाया नगं व्हय? पाटलीणबाईंनी माती दिली."

"अगं, पण त्यावर लिहिलेलं..."

"व्हय, पार आढ्यापातूर गिचमिड केलीती पोरांनी. जरा धाक ठेवा की!"

"पोरांनी नव्हे, मी! ते नाटक होतं! पाटलांचं नाटक! कोजागिरीला आहे!"

तिच्या हातातलं पोतेरं बादलीत पडलं.

"खाली एवढं ठसठशीत लिहिलं होतं, कोणीही पुसू नये! तुला वाचता येतं ना?"

"येतं की! दुसरी पास हाय म्या. वाचलं, म्हून तर न्हाई पुसलं."

"म्हणजे?"

"आता तुमीच लिवलंय, कोनी पुसू नये. न्हाईतर म्या पुसनार व्हते तुमास्नी, भित सारवू का म्हून. मग म्हनलं, गुरुजींचा हुकूम दिसतोय. न्हाई तर न्हाई पुसत. आन् सारवून टाकली."

आमच्या वरव्याला पुसणं म्हणजे विचारणं! 'मला न पुसता कुठं गेलतास?' असं आई म्हणते, तेव्हा ती काही हातात फडकं घेऊन उभी नसते. सगळा जन्म त्या घरात गेला माझा. पण दोन बुकं शिकलो, फळ्याचं मराठी डोक्यात शिरलं आणि आईचं मराठी बाहेर गेलं!

सरूला घोटाळा समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर मात्र तिनं कमरेला पदर खोचला. (ही तिची वकिली करायची तऱ्हा.)

"मग चुकलं काय माजं? तोंडानं पुसलं न्हाई, फडक्यानं बी पुसलं न्हाई. दोनी अंगांनी तुमचंच ऐकलं की!"

यावर जगातल्या कुठल्या कोर्टात उत्तर आहे, सांगा!

तेवढ्यात पाटील आले. मुकुट डोक्यावरच. भिंत बघितली, मला बघितलं, परत भिंत बघितली.

"नाटक कुठं गेलं?"

"आत आहे," मी म्हणालो.

"गुरुजी, म्या माज्या विहीणबाईंस्नी बोलीवलंय. कोजागिरीला नाटक दिसलं न्हाई तर वाडीत त्वांड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई मला. आन् मला जागा न्हाई म्हंजी..." एवढं बोलून त्यांनी माझ्या खोलीवरून आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत नजर फिरवली. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

सगळा पावसाळा जी कोठडी वाटत होती, ती खोली एकदम मला फार प्रिय झाली.

पहिला उपाय पाण्याचा. भिंत भिजवली तर वरची पांढरी माती विरघळून नाटक दिसेल, असा माझा तर्क. पांढरी माती विरघळली. मागोमाग काजळी विरघळली. मागोमाग भिंत विरघळायला लागली! पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश माझ्या पायांवरून वाहत दाराबाहेर गेला.

"थांबा!" सरू ओरडली. "आता घर बी धुवून टाकताय काय?"

दुसरा उपाय भागूतात्याचा. मी कपाळावर हात मारून घेतला. सबंध नाटक ऐकलेला माणूस जिवंत असताना मी भिंतीशी काय झटतोय! धावत गोठ्यात गेलो.

"तात्या, दुसऱ्या अंकात राजा काय म्हणतो?"

"आं?"

"राजा! राजा काय म्हणतो?"

"राजा व्हय? राजा बैल म्या शिमग्यालाच इकला. लई मारका व्हता."

मागून पाटलांचा आवाज आला, "गुरुजी, उगा घसा फोडू नगा. घाटात सुरुंग उडाला तवापासनं तात्याला धड ऐकू येत न्हाई."

"पण तो रोज ऐकायला येत होता!"

"शेकाया येत व्हता."

"तिसऱ्या अंकाला रडायचा!"

"तुमची चूल धुरती का न्हाई?"

महिनोन् महिने मी कंदील वर धरून एका चुलीला नाटक वाचून दाखवत होतो! तात्या मात्र माझ्याकडं पाहून प्रेमानं म्हणाला, "व्हय व्हय."

मग तिसरा उपाय सरूनं काढला. माती वाळू द्यायची, आणि वाळली की उलथन्यानं हलक्या हातानं पापुद्रे काढायचे. आणि काय सांगू, चमत्कार! पापुद्र्याच्या आतल्या बाजूला खडूची अक्षरं चिकटून आली होती. फक्त उलटी! सरूनं गाठोड्यातून आपला कुंकवाचा आरसा काढला. ती पापुद्रा धरायची आणि मी आरशात बघून वाचायचो. मधेच अक्षरांऐवजी तिचंच तोंड दिसायचं आणि माझी ओळ चुकायची.

"काय लिवलंय?"

"हे प्राणप्रिये, तुझ्या विरहानं माझी दाढी..." मी दुसरा तुकडा जोडून पाहिला. "...दूध देईनाशी झाली आहे."

"राजाची?"

"नाही, ते गवळणीचं वाक्य आहे. दुसऱ्या अंकातलं."

पापुद्रे फुटत होते, सरमिसळ होत होती. प्रधान राणीला ओवाळत होता, हरिण राज्यकारभार पाहत होतं! तिसरा अंक तेवढा अखंड निघाला. मी तो मोठ्या मायेनं सुपात ठेवून गोठ्याच्या ओट्यावर उन्हाला लावला. पाणी प्यायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो, तर बिजली डोळे मिटून सूप चाटतेय! गुरांना मातीची चव लागते हे मला ठाऊक होतं. साहित्याची लागते हे नवीन होतं. भरतवाक्य तिच्या मिशांना लागलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. (त्या संध्याकाळी तिनं दूध जास्त दिलं, असं तात्याचं म्हणणं. मी त्यात माझं श्रेय मानतो.)

सरू दोन दिवसांसाठी आली होती. ती परत जायचं नाव काढीना. "म्या घातलाय घोळ, म्याच निस्तरनार," म्हणाली. वरव्याला निरोप धाडला. संध्याकाळी चुलीपाशी आम्ही बसायचो. मी आठवून सांगायचो, ती ऐकायची. अगदी खऱ्या कानांनी! तिथंच सगळा घात झाला. ऐकू येणारा श्रोता मिळाला की लेखकाची धडगत नसते.

"राजा घरी येतो," मी सांगायचो, "तेव्हा राणी म्हणते, 'हे प्राणेश्वरा, द्वादश वर्षे मी चातकीसारखी आपली वाट...'"

"आसं कोन म्हनतं?"

"राणी."

"काय बी! नवरा बारा वर्सांनी दारात हुबा. बाई म्हनंल, आलासा? पाय धुवा."

"अगं, ती राजघराण्यातली आहे."

"म्हून काय पाय धुवायचं न्हाईत?"

ती चुलीत काटकी सारत राहिली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आन् येक सांगू? तुमचा राजा झाडाशी बोलतोय, दगडाशी बोलतोय. ती तिकडं काय करतीया हो बारा वर्सं? राज्य कोन बघतंय? सासूचं पाय कोन चेपतंय? शेताचं बांध फुटलं तर कोन घालतंय? त्याचं येक बी वाक्य न्हाई तुमच्या नाटकात. ती बी येकलीच हाय की."

मला एकदम काहीतरी मोठं, लागेल असं बोलायचं होतं. पण संवाद सुचायची माझी सवय खडू हातात असतानाची. नुसतं म्हणालो, "बरं. तू सांग. मी ऐकतो."

मग तिनं राणी सांगितली.

कोजागिरीला वाडीच्या देवळापुढं, चांदणं चढायच्या आतच सगळी मंडळी जमली. पाटलांच्या विहीणबाई पुढं सतरंजीवर. पाटील मुकुट घालून आले आणि राजाचं स्वगत सुरू झालं. ते तेवढं मी हट्टानं माझं ठेवलं होतं. 'हे वृक्षा! हे पाषाणा!' पाषाणापर्यंत लोक बसले. वाऱ्याला हाक मारली तेव्हा दोघंतिघं पाणी प्यायला उठले. नदीपाशी पोरं झोपली. हरणापाशी खुद्द राजानंच जांभई दिली! मी पडद्याआडून ओळ सांगतोय, तर पाटील माझ्याकडं वळून भर रंगमंचावर म्हणाले, "अजून हाय व्हय?"

मग राणीचा प्रवेश झाला. गणपा नऊवारीत, मिशीच्या जागेवर पावडरचा थर. राजा दारात उभा.

"प्रिये, तू मला ओळखलंस का?"

"न वळखून जातीय कुठं?" गणपा म्हणाला. "जाताना घरातला येकुलता येक कंदील घिऊन गेलासा. त्यो कुठाय आदी सांगा!"

अशी हसली माणसं! विहीणबाईंना ठसका लागला. गणपा वाक्यामागून वाक्य टाकत होता आणि सगळ्या बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना ढोसत होत्या. शेवटी राणी जरा थांबली आणि म्हणाली, "बारा वर्सं दोन ताटं वाढली म्या. येक रोज गाईला घातलं. बसा आता. गाय आज उपाशी ऱ्हाईल." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. (आणि तिथं धूर नव्हता. मी मुद्दाम बघितलं.)

सरू माझ्या शेजारी, पडद्याआड. मी तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "गणपाचा पदर घसरलाय, सांगा त्याला."

नाटक संपल्यावर पाटलांनी मला मिठीच मारली. खोली वाचली! "झकास, गुरुजी! राणी तर लईच जोरात. तेवढा राजा जरा कमी करा. काम मीच करत व्हतो, पर मलाच झोप याया लागली."

दुसऱ्या दिवशी सरूला हिर्डोशीला एस.टी.वर बसवायला गेलो. आई एकटी, भात कापायला आलेलं. तिला जाणं भाग होतं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून सांगितलं, "दुसरं नाटक लिवा आता."

"आणि वाचून कुणाला दाखवू?"

"तात्या हाय की!" म्हणाली, आणि हसता हसता तिनं तोंड फिरवलं. गाडी वळणाआड गेली तरी मी उभा होतो. कंडक्टरला वाटलं असेल, मलाही यायचंय. त्याचं बरोबरच होतं.

खोलीवर आलो, कंदील लावला, खडू घेतला आणि मोठ्या उमेदीनं भिंतीवर पहिलं वाक्य लिहिलं. काहीच दिसेना. पापुद्रे निघून भिंत कोड फुटल्यासारखी झाली होती, म्हणून जाण्याआधी ती पुन्हा नीट सारवून गेली होती. पांढऱ्यावर पांढरं! कुणाशी बोलावं तर भिंतसुद्धा ऐकायला तयार नाही.

म्हणून मग मी भिंत काळी करायला घेतली. सकाळी चूल, दुपारी चूल, तिन्हीसांजेला चूल, झोपताना चूल. ओली लाकडं घालायची, फुंकायचं आणि खोकत बसायचं. तात्या खूश होऊन दिवसभर मुक्कामाला येऊ लागला. भिंत काळी व्हायला अख्खा हिवाळा गेला. पण ओढ्यापलीकडून वाडीला दिसायचा तो नुसता माझ्या कौलांतून दिवसभर निघणारा धूर. शेवटी पाटलीणबाईंनी भोरच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाकडून वरव्याला निरोप धाडला, "बाईंस्नी म्हनावं, काळजी करू नगा. तुमी गेल्यापासनं गुरुजी चार-चार येळा सैपाक करून जेवत्यात!"

तो निरोप घरी पोचला, आणि तेव्हापासून माझ्या विरहावर आमच्या घरात कुणीही विश्वास ठेवत नाही.